‘लिंग’ : व्याकरणाचा तास, जीवशास्त्राचा तास आणि सातारा–सांगली

१/ व्याकरणाच्या तासाला ‘लिंग’ हा शब्द फळ्यावर आला की वर्गात हशा पिकतो. जीवशास्त्राच्या तासाला तोच शब्द आला की शांतता पसरते आणि पुष्कळ ठिकाणी ते प्रकरण ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उरकले जाते. दोन्ही तासांना मुलांच्या मनात प्रश्न मात्र सारखेच असतात. झाड सजीव असून नपुंसकलिंगी कसे? मुंगी ‘ती’ आणि मुंगळा ‘तो’ का? नर माशीला ‘ती’ का म्हणायचे? मुलगा की मुलगी, हे कोण ठरवते? या प्रश्नांचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा शेवटचा भाग आपल्या अगदी दाराशी येऊन थांबतो. त्यासाठी हा धागा.

२/ उदाहरणे शक्यतो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली घेतली आहेत. हे जिल्हे वेगळे वाटत असले तरी त्यांची नाळ एक. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला. त्याचेच नाव १९६० मध्ये ‘सांगली’ असे ठेवण्यात आले. कृष्णा दोघांतून वाहते. बोलीही पुष्कळशी एकच, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे एक दुखणेही दोघांचे एकच.

३/ प्रश्न पहिला : झाड सजीव आहे, मग ते नपुंसकलिंगी का?

उत्तराआधी तीन शब्द पाहा. देह, काया, शरीर. वस्तू एकच, पण तो देह, ती काया, ते शरीर. तसेच तो ग्रंथ, ती पोथी, ते पुस्तक. तो वृक्ष, ते झाड. वस्तूच्या अंगी काही गुण असल्यामुळे शब्दाला लिंग मिळत असते, तर एकाच शरीराला तीन लिंगे मिळाली नसती. म्हणजे व्याकरणातले लिंग वस्तूचे नसते, ते शब्दाचे असते. झाडाला त्याचा पत्ताही नसतो.

४/ ही शंका आजची नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने पाणिनीच्या सूत्रांवर ‘महाभाष्य’ लिहिले. त्यात स्त्रीप्रत्ययांच्या प्रकरणात हाच वाद आला आहे. आधी एक सोपी व्याख्या मांडली जाते : शरीराच्या खुणांवरून स्त्री, पुरुष आणि नपुंसक ओळखावेत. लगेच आक्षेप येतात. मग स्त्रीवेष घेतलेल्या नटाचे काय करायचे? आणि खाट व वृक्ष यांना तर अशा खुणाच नाहीत. मग संस्कृतात खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी कसा? ती व्याख्या टिकत नाही. लिंग हे लोकांच्या बोलण्यावर अवलंबून असते, ते नियमाने शिकवून पुरे होत नाही, असा एक विचारही भाष्यात येतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून येणारा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनाही सुटता सुटत नव्हता, हे कळले की तो विचारायची लाज वाटू नये.

५/ पतंजलीचा तो नट आपल्याला सांगलीत भेटतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानात ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमीची सुरुवात तेथून मानतात. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि पुढे अनेक दशके करीत राहिले. रंगमंचावर अशी सीता ‘मी येते’ म्हणाली तर प्रेक्षकांत कोणालाही ते चुकीचे वाटत नसे. शरीर पुरुषाचे, क्रियापद स्त्रीलिंगी. व्याकरणाने भूमिकेची साथ केली, देहाची नाही.

६/ याच्या उलट गंमत आजही ऐकू येते. कोल्हापूर–सांगलीकडच्या अनेक मुली घरात सहज ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पुण्याच्या वर्गात गेल्यावर त्यांना कोणीतरी हसते आणि ‘शुद्ध’ बोलायला लावते. त्या मुलींच्या मुलगी असण्याला या क्रियापदाने रतीभरही उणेपणा येत नाही. एका प्रदेशातल्या लोकांनी बोलताना केलेली ती निवड आहे. लिंग लोकांवर अवलंबून असते या विचाराचा याहून जवळचा दाखला शोधूनही सापडणार नाही.

७/ मराठीत या गोष्टी लिहून काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकात जोरात झाले. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आला; त्यात नामांपुढे लिंग नोंदवलेले आहे आणि काही शब्दांपुढे एकाहून अधिक लिंगेही आहेत. आजही वेळ, बाग, ढेकर, तंबाखू हे शब्द कोठे एका लिंगात तर कोठे दुसऱ्या लिंगात चालतात. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ.

८/ या परंपरेत सातारा जिल्ह्याचे एक नाव आहे, पण ते व्याकरणाच्या संदर्भात फारसे कोणी घेत नाही : गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६, गाव कऱ्हाडजवळचे टेंभू. ‘सुधारक’ पत्र १८८८ मध्ये सुरू झाले हे सगळ्यांना पाठ असते. त्याच वर्षी त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक निघाले, हे मात्र विसरले जाते. विषय : वाक्य आणि त्याचे पृथक्करण. लिंग समजून घ्यायला वाक्यच लागते. ‘माशी’ हा शब्द सुटा उच्चारला तर त्याचे लिंग कानाला कळत नाही. ‘काळी माशी उडाली’ म्हटले की ‘काळी’ आणि ‘उडाली’ ते सांगतात. लिंग म्हणजे वाक्यातल्या शब्दांचा आपसातला मेळ. आगरकरांनी मुलामुलींना सारखे आणि एकत्र शिक्षण द्यावे असा आग्रह धरला होता, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

९/ प्रश्न दुसरा : मुंगी बाई आणि मुंगळा बुवा का?

मराठीत ‘आ’कारान्त शब्द मोठेपणा दाखवतो आणि ‘ई’कारान्त शब्द लहानपणा. सुरा–सुरी, विळा–विळी, दांडा–दांडी, लोटा–लोटी. विळी ही विळ्याची बायको नव्हे. मुंगळा आणि मुंगी यांचेही तसेच : एक आकाराने मोठा, एक लहान. जीवशास्त्र सांगते की मुंगळा हीसुद्धा मुंग्यांचीच एक मोठी जात आहे. आणि खरी गंमत पुढे आहे. तुमच्या ओट्यावर साखरेसाठी येणारी मुंगी मादी असते आणि गुळाच्या ढेपेला डसलेला मुंगळाही मादीच असतो. कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच. नर पंखांचे असतात, मीलनापुरते बाहेर पडतात आणि थोड्याच काळात मरतात. ‘तो मुंगळा’ म्हणताना व्याकरण बरोबर आहे. त्यावरून प्राण्याविषयी निष्कर्ष काढला तर तो चुकतो.

१०/ वाळवीचा शब्द स्त्रीलिंगी, पण वारुळात कामकरी नर आणि मादी दोन्ही असतात, आणि राणीबरोबर राजाही नांदतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारी वाळवीची पाखरे म्हणजे पंख फुटलेले नर आणि माद्या. वसंतात कवितेत ‘कोकिळा’ गाते; आमराईत तो ओळखीचा चढता सूर नर कोकिळाचा असतो.

११/ प्रश्न तिसरा : नर माशीला ‘तो’ म्हणावे की ‘ती’?

महाबळेश्वरच्या रानात आणि पेट्यांत जी सातेरी मधमाशी दिसते, तिच्या वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि काही नर असतात. शेजारचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते याच व्यवसायामुळे. मराठीत ‘नर माशी उडाली’ असेच म्हणावे लागते. कारण ‘माशी’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि ‘नर’ हे विशेषण त्याचे लिंग बदलू शकत नाही. ज्यांना हे विचित्र वाटते त्यांनी युरोपचा इतिहास पाहावा. तेथे याहून मोठा घोळ झाला होता.

१२/ अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून पोळ्यातल्या त्या मोठ्या माशीला ‘राजा’ म्हणण्याची प्रथा होती. समूहाचा प्रमुख पुरुषच असणार, हे गृहीत धरलेले. १६०९ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलरने आपल्या पुस्तकाच्या नावातच पोळ्याला स्त्रियांचे राज्य म्हटले. तेव्हा एलिझाबेथ राणीची दीर्घ कारकीर्द संपून थोडीच वर्षे झाली होती. त्याच शतकात पुढे हॉलंडच्या यान स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’चे विच्छेदन केले आणि आत अंडाशय सापडले. समाजाची समजूत निसर्गावर लादली की काय होते, त्याचा हा नमुना. अंडाशय होतेच, उघडून पाहायला शतके लागली. १८४५ मध्ये योहान झिएरझोनने मांडले की नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून निपजते. म्हणजे तिला आई असते, बाप नसतो.

१३/ प्रश्न चौथा : वनस्पतींना नर-मादी असते का?

हा प्रश्न १६९४ पर्यंत युरोपातही नीट सुटला नव्हता. त्या वर्षी जर्मनीतल्या रुडॉल्फ कामेरारियसने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एरंडाच्या झाडाची नरफुले त्याने वेळीच काढून टाकली. बी धरले नाही. आपल्याकडे मक्याच्या रानात हे डोळ्यांनी दिसते. शेंड्यावरचा तुरा हा नर फुलोरा, मधले कणीस मादी, आणि कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याकडे जाणारी वाट. मराठी म्हणते : तो तुरा, ते कणीस. तुऱ्याच्या बाबतीत मेळ बसला तो केवळ योगायोगाने.

१४/ १७३५ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने फुलांतले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले आणि स्त्रीकेसर मोजून पोटवर्ग. वर्णन करताना त्याने नवरा–बायको, शय्या, विवाह असे शब्द वापरले, आणि त्यावर ‘हे अश्लील आहे’ अशी टीकाही झाली. हे प्रकरण वगळून पुढे जाण्याची इच्छा फक्त आपल्याच शाळांत होत नाही. आपले शब्दही पाहा : पुंकेसर आणि पुल्लिंग यांत एकच ‘पुं’ आहे, स्त्रीकेसर आणि स्त्रीलिंग यांत एकच ‘स्त्री’. व्याकरणाची जुनी शब्दसंपत्ती मराठी वनस्पतिशास्त्राच्या कामी आली, आणि त्याबरोबर गोंधळाची शक्यताही आली.

१५/ वनस्पतिशास्त्राची स्वतःची भाषाही या गोंधळातून सुटलेली नाही. पिंपळाचे शास्त्रीय नाव ‘फायकस रिलिजिओसा’. लॅटिन भाषेत ‘फायकस’ स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषण ‘रिलिजिओसा’ असे स्त्रीलिंगी झाले. आपला पिंपळ ‘तो’. त्यांची फायकस ‘ती’. झाड एकच.

१६/ याच कुळातला उंबर. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर हे दत्तक्षेत्र आहे, त्याचे नावच या झाडावरून आलेले. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. फुले असतात, आणि पुष्कळ असतात. फक्त ती ज्याला आपण फळ समजतो त्याच्या आत असतात, नर आणि मादी दोन्ही. एक बारीकशी गांधीलमाशीच्या जातीची कीड आत शिरते आणि परागण करते. म्हण तयार करणाऱ्यांना फूल दिसले नाही याचा दोष देता येत नाही. उंबर फोडून पाहिले की तेच दिसते.

१७/ आणि सांगलीची हळद? २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. शब्द स्त्रीलिंगी, अंगाला लागते ती नवरा-नवरीच्या. पण हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने तिला सहसा बी धरत नाही. पिढ्यान् पिढ्या शेतकरी गड्डे आणि हळकुंडे लावूनच तिची लागण करतात. लग्नाचे सर्वांत मंगल द्रव्य स्वतः लग्नावाचून वाढते.

१८/ गांडूळ घ्या. शब्द नपुंसकलिंगी, प्राणी उभयलिंगी : एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही इंद्रिये. गोगलगाय शब्दाने स्त्रीलिंगी, पण जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाई उभयलिंगीच. येथे ‘नपुंसक’ या शब्दाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. व्याकरणात तो शब्द कोणतेही वैगुण्य सांगत नाही. मूल, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू हे आपले सर्वांत लाडके शब्द नपुंसकलिंगी आहेत. आपण बोलताना ‘मूल’ म्हणतो, तेव्हा तो की ती हे सांगायची गरज नाही असे भाषाच मानते.

१९/ पण घरात मूल येणार म्हटले की पाचवा प्रश्न विचारला जातो : मुलगा की मुलगी, हे कोण ठरवते?

शतकानुशतके बोल आईला लावला गेला. १९०५ मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधक स्त्रीने धान्यातल्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासून दाखवले की नराचे शुक्राणू दोन प्रकारचे असतात आणि त्यावर पिल्लाचे लिंग ठरते. एडमंड विल्सननेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच मांडले. माणसातही आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येते. बापाकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. कोंबड्यांत याच्या उलट, तेथे मादीवर ठरते. बापालाही हे निवडता येत नाही, आणि यात कोणाचा गुन्हा नाही. दुसरी बायको करणाऱ्या किती घरांत हा एक परिच्छेद पोचला नसेल, याचा विचार करावा.

२०/ विज्ञान पोचले, पण उलट्या वाटेने. गर्भातले मूल कोणते हे पाहणारी यंत्रे आली आणि ‘लिंग’ हा शब्द तिसऱ्या ठिकाणी, कायद्यात, गेला : लिंगनिदान. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ होती, राज्याची ९१३. ऊस, द्राक्षे, हळद, साखर कारखाने, महाविद्यालये असलेला हा समृद्ध कृष्णाकाठ. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूणांचे अवशेष सापडले.

२१/ आणि जी मुलगी जन्माला आली, तिच्यासाठी आपल्या भाषेने एक नाव केले : नकुशी. व्याकरण साधे आहे. ‘नको’ला ‘सा’ प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण होते. त्याची रूपे नकोसा, नकोशी, नकोसे. तीन लिंगांची तीन रूपे कोशात आहेत, पण माणसाचे नाव झाले ते फक्त स्त्रीलिंगी रूप. मुलांनाही पूर्वी दगडू, धोंडू, केरबा अशी हलकी नावे ठेवीत. पण त्यामागे मूल दृष्ट लागून जाऊ नये, ते जगावे, ही धडपड असे. नकुशी हे नाव पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून ठेवलेले. हलक्या नावांची एकच प्रथा, पण मुलासाठी तिचा अर्थ ‘राहा’ आणि मुलीसाठी ‘पुरे’.

२२/ ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एका कार्यक्रमात अशा २८५ मुलींची नावे बदलण्यात आली. त्यांनी स्वतःला नवी नावे घेतली. शाळेच्या पटावर आणि कागदपत्रांवर ती चढवायची होती. नाव बदलल्याने जनगणनेतला आकडा बदलत नाही, हे खरे. पण हजेरी घेताना रोज ‘नको’ ऐकणे थांबले, हेही थोडे नव्हे.

२३/ आता सगळे धागे एकत्र धरू. व्याकरणातले लिंग लोकांच्या बोलण्यातून येते. म्हणून सांगलीची मुलगी ‘मी येतो’ म्हणू शकते आणि वेळ ‘तो’ही असतो, ‘ती’ही. शरीराचे लिंग गुणसूत्रांतून आणि इंद्रियांतून येते, आणि मुंगी, मधमाशी, उंबर, गांडूळ यांत त्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की एकाच साच्यात त्या बसत नाहीत. कोणते मूल हवे आणि कोणते नको, ही मात्र तिसरीच गोष्ट आहे. ती निसर्गाने ठरवलेली नाही, ती लोकांची आहे. आणि शब्दांची लिंगे जशी लोकांच्या तोंडी बदलली, तशी तीही लोकांनाच बदलावी लागेल.

२४/ म्हणून शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती. हे प्रकरण ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडू नका. घरी वाचायला कोणी बसवत नाही, आणि घरी जे ऐकू येते ते पुष्कळदा १९०५ च्या आधीचे असते. शक्य असेल तर मराठीचा आणि विज्ञानाचा एखादा तास जोडून घ्या. फळ्यावर तीन रकाने आखा : शब्द, शब्दाचे लिंग, प्राण्याचे किंवा वनस्पतीचे लिंग. मुंगळा, वाळवी, गांडूळ, मका, हळद एवढी पाच नावे लिहिली तरी प्रश्न मुलांकडूनच येतील.

२५/ वाचकांसाठी गृहपाठ : तुमच्या गावात प्रमाण मराठीपेक्षा वेगळ्या लिंगात बोलला जाणारा एखादा शब्द असेल, तर तो गावाच्या नावासह खाली लिहा. माण, खटाव, जत, आटपाडी, शिराळा, पाटण या भागांतले शब्द विशेष हवे आहेत. पुरेसे जमले की त्यांची यादी पुढच्या धाग्यात देईन.

(धागा समाप्त)